शोधशब्दांची निवड आणि पारख : इंदिरानगरच्या एका डब्याच्या निमित्ताने

वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती शब्दांच्या हिशेबाने छापल्या जात, तेव्हा जाहिरातदार लेखणी हाती घेऊन एकेक शब्द कापीत असे. शब्द जितके कमी, तितका खर्च कमी. इंटरनेटवरील शोधयंत्रात जी जाहिरात दिली जाते तिच्यातही शब्दाला मोल आहेच. मात्र ते जाहिरातदाराने लिहिलेल्या शब्दाचे नसून ग्राहकाने शोधाच्या चौकटीत टाईप केलेल्या शब्दाचे असते. माल विकणारा आपल्या मालाला एका नावाने ओळखतो आणि घेणारा तोच माल भलत्याच नावाने शोधतो. या दोन नावांमधील अंतर भरून निघाले नाही, तर जाहिरातीवरील खर्च वाया जातो. हे अंतर मोजण्याचे काम म्हणजेच शोधशब्दांचे संशोधन होय. व्यवहारात त्याला ‘कीवर्ड रिसर्च’ असे म्हणतात.

नाशिकचे इंदिरानगर हे या विषयाच्या अभ्यासास फार सोयीचे उदाहरण आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेली, वडाळा-पाथर्डी रस्त्याने जोडलेली ही मुख्यतः मध्यमवर्गीय वसाहत. महामार्गाखालचा बोगदा आणि जॉगिंग ट्रॅक या तिच्या ओळखीच्या खुणा. नोकरीनिमित्त बाहेरगावाहून आलेल्या माणसांची वर्दळ असलेली अंबडची औद्योगिक वसाहत येथून फार दूर नाही. अशा वस्तीतील एखाद्या गृहिणीने घरगुती जेवणाचा डबा पुरविण्याचा व्यवसाय सुरू केला आणि त्याची जाहिरात गूगलवर द्यावयाची ठरविली, असे समजू. या उदाहरणातील व्यवसाय व त्याचे आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. परंतु त्यातील अडचणी मात्र खऱ्या आहेत.

लिलावाची रीत

शोधशब्दांचा लिलाव करून क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत १९९८ मध्ये अमेरिकेतील उद्योजक बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ या संकेतस्थळाने रूढ केली. तोपर्यंत जाहिरात किती जणांच्या नजरेसमोरून गेली यावर बहुधा आकारणी होत असे. या कंपनीचे नाव पुढे २००१ मध्ये ‘ओव्हर्चर’ झाले आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलने आपली ‘अ‍ॅडवर्ड्स’ ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केली आणि फेब्रुवारी २००२ पासून तीत क्लिकनिहाय बोलीची पद्धत आणली. २०१८ पासून ही सेवा ‘गूगल अ‍ॅड्स’ या नावाने चालते.

लासलगावच्या कांदा बाजारातील लिलाव नाशिक जिल्ह्यातील वाचकांस परिचित आहे. तेथे ज्याची बोली चढी, त्याला माल. शोधयंत्राचा लिलाव तसा नाही. येथे बोलीच्या जोडीला जाहिरातीची योग्यताही पाहिली जाते : शोधणारा ती जाहिरात दाबण्याचा संभव किती, जाहिरातीतील मजकूर त्याच्या प्रश्नाशी किती जुळतो आणि क्लिकनंतर उघडणारे पान त्याच्या कामाचे आहे किंवा नाही. त्यामुळे १२ रुपयांची बोली लावणारा डबेवाला २० रुपयांची बोली लावणाऱ्या मोठ्या कंपनीच्या वर जागा मिळवू शकतो. शिवाय प्रत्यक्षात द्यावी लागणारी रक्कम ही साधारणतः आपली जागा राखण्यास पुरेल एवढीच असते. बोली ही कमाल मर्यादा समजावी. लहान व्यावसायिकास या व्यवस्थेत जो काही वाव आहे तो येथेच आहे, आणि तो सर्वस्वी योग्य शब्द निवडण्यावर अवलंबून आहे.

गावाच्या नावाचा घोळ

या गृहिणीला प्रथम सुचणारा शब्द म्हणजे अर्थातच ‘इंदिरानगर डबा’ किंवा ‘इंदिरानगर टिफिन’. येथेच पहिला खड्डा आहे. इंदिरानगर नावाची वस्ती बंगळूरमध्ये आहे, आणि खाद्यगृहांसाठी ती देशभर प्रसिद्ध आहे. लखनौमध्ये इंदिरानगर आहे, चेन्नईत आहे, पुण्यातही आहे. जाहिरात संपूर्ण भारतासाठी खुली ठेवली, तर बंगळूरच्या इंदिरानगरात जेवण शोधणारा तरुण नाशिकच्या जाहिरातीवर बोट ठेवील, क्षणभराने परत फिरेल, आणि त्या क्षणाचे पैसे मात्र नाशिकच्या गृहिणीच्या खात्यातून वजा होतील.

बरे, शेजारच्या खुणा वापराव्यात म्हटले तरी तीच गत. ‘वडाळा’ म्हटले की मुंबईचे वडाळा पुढे येते. ‘पाथर्डी’ हे अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. ‘सिडको’ नाशकात आहे, तशी छत्रपती संभाजीनगरातही आहे, आणि नवी मुंबई तर सिडकोनेच वसविलेली. इंदिरानगरच्या आसपासची जवळजवळ सगळी नावे अशी दुहेरी निघावीत हा योगायोग मौजेचा असला, तरी खर्चाचाही आहे. मात्र ‘पाथर्डी फाटा’ असे दोन शब्द एकत्र आले की अर्थ बराच निश्चित होतो. तसेच ‘इंदिरानगर नाशिक’ या जोडीचे. सुटा शब्द स्वस्त वाटतो, पण जोडशब्द अधिक प्रामाणिक असतो.

यावरील दुसरा उपाय जाहिरातीच्या क्षेत्रनिवडीत आहे. जाहिरात केवळ नाशिक शहरात, किंवा घरापासून ठराविक किलोमीटरच्या परिघात दाखवावी, अशी सूचना देता येते. परंतु गूगलच्या मूळ रचनेत, वेगळी निवड केली नाही तर, त्या भागात असलेल्या लोकांबरोबरच त्या भागाविषयी ‘रस दाखविणाऱ्या’ लोकांनाही जाहिरात दिसते. फक्त प्रत्यक्ष उपस्थित असणारे लोक हवे असतील, तर तसा पर्याय स्वतः निवडावा लागतो. अनेक मार्गदर्शक हा पर्याय डोळे झाकून निवडण्यास सांगतात. डब्याच्या बाबतीत तसे करणे सर्वस्वी हिताचे नाही. धुळ्याचे किंवा जळगावचे पालक मुलगा नोकरीसाठी नाशकास जाण्यापूर्वीच जेवणाची सोय शोधू लागतात. अशांसाठी ‘नाशिक’ हा शब्द अनिवार्य ठेवून वेगळी, लहान जाहिरात-मोहीम चालवावी आणि तिचा हिशेब स्वतंत्र ठेवावा, हे अधिक शहाणपणाचे.

एक डबा, अनेक अर्थ

गावाचे नाव सुटले, तरी ‘डबा’ हा शब्द उरतोच. मराठी माणसाच्या तोंडी डबा म्हणजे जेवण. पण डबा म्हणजे स्टीलचे भांडेही, आणि रेल्वेचा डबाही. रोमन लिपीत तो एक ‘बी’ घालून लिहावा की दोन, यावर एकमत नाही. दोन ‘बी’ घातले की ‘डब्बा ट्रेडिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेकायदा सट्ट्याची माहिती शोधणारे लोकही त्या वाटेने येतात. एक ‘एच’ अधिक पडला की महामार्गावरचा ‘ढाबा’ उभा राहतो. अंबडच्या कारखान्यात काम करणारा उत्तर भारतीय कामगार ‘टिफिन सर्व्हिस’ शोधतो; महाविद्यालयीन विद्यार्थी ‘मेस’ म्हणतो; वयस्कर माणसाच्या मनात ‘खानावळ’ असते; आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ दांपत्याची मुलगी परगावाहून ‘आईवडिलांसाठी घरगुती जेवण’ असे सविस्तर टाईप करते. माल एकच, शब्द पाच. आणि त्या पाच शब्दांमागील गरजाही वेगळ्या. विद्यार्थ्याला दर महत्त्वाचा, तर त्या मुलीला कमी तिखट आणि वेळेवर येणारे जेवण महत्त्वाचे. म्हणून प्रत्येक शब्दसमूहाला त्याची स्वतःची जाहिरात व तिच्यामागे त्याच प्रश्नाचे उत्तर देणारे पान असावे.

मराठीचा माणूस मराठीतच शोधील, हे गृहीत धरता येत नाही. बोलण्यात मराठी, टाईप करण्यात रोमन लिपी, आणि व्यवसायाचे नाव इंग्रजी, अशी आपली आजची रीत आहे. देवनागरी, रोमन लिपीतील मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही रूपांत शब्द तपासावे लागतात.

शब्द कोठे सापडतात

या शोधाची सुरुवात संगणकापासून नव्हे, तर दूरध्वनीपासून करावी. चौकशीसाठी येणाऱ्या पहिल्या पंधरा-वीस फोनवर माणसे पहिले वाक्य काय बोलतात, ते जसेच्या तसे वहीत उतरवून ठेवावे. ‘तुमच्याकडे जेवण मिळतं का’, ‘महिन्याचा डबा किती’, ‘फक्त रात्रीचं चालेल का’, अशा वाक्यांत जे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते कोणत्याही यंत्राने सुचविलेल्या शब्दांपेक्षा विश्वासार्ह असतात. त्यानंतर तेच शब्द शोधाच्या चौकटीत टाईप करून यंत्र पुढे कोणती पूर्तता सुचविते ते पाहावे. गूगलचे ‘कीवर्ड प्लॅनर’ हे साधन एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो आणि त्यावर बोली किती चढते याचा अंदाज देते. नव्या अथवा अत्यल्प खर्चाच्या खात्यास हे आकडे बहुधा ढोबळ मर्यादांमध्येच दिसतात. त्यांना अंदाजच समजावे. ‘गूगल ट्रेंड्स’वर शब्दाचा हंगाम कळतो.

यानंतर शब्दांची जुळणी ठरवावी लागते. तिचे तीन प्रकार आहेत. ‘व्यापक’ जुळणीत यंत्र संबंधित वाटणाऱ्या कोणत्याही शोधावर जाहिरात दाखविते. ‘वाक्यांश’ जुळणीत दिलेल्या शब्दसमूहाचा अर्थ शोधात असावा लागतो. ‘नेमक्या’ जुळणीत शोधाचा अर्थ तोच असावा लागतो. तो अर्थ ‘तोच’ आहे किंवा नाही हे आता यंत्रच ठरविते, त्यामुळे ‘नेमकी’ जुळणीही पूर्वीइतकी नेमकी राहिलेली नाही. नवशिक्याच्या खात्यात व्यापक जुळणी ही उघड्या नळासारखी असते. अलीकडे शब्दांची निवडच यंत्रावर सोपवावी असा आग्रह वाढला आहे. यंत्रास पूर्वीच्या विक्रीचा भरपूर अनुभव असेल तर तो ठीकही ठरतो. महिन्याला चार ग्राहक मिळविणाऱ्या डब्याच्या व्यवसायात मात्र यंत्राने शिकावे इतका अनुभवच जमा होत नाही.

जितके महत्त्व घ्यावयाच्या शब्दांना, तितकेच वगळावयाच्या शब्दांना आहे. ‘भांडी’, ‘स्टील’, ‘रेसिपी’, ‘नोकरी’, ‘ट्रेडिंग’, ‘रेल्वे’, ‘बंगळूर’ हे शब्द ज्या शोधात येतील तेथे जाहिरात दिसू नये, असे आधीच सांगून ठेवता येते. वगळशब्दांना समानार्थी शब्द आपोआप लागू होत नाहीत, म्हणून ‘भांडी’ बरोबर ‘भांडे’ही लिहावे, ‘बंगळूर’ बरोबर ‘बेंगळुरू’ही, आणि रोमन लिपीतील त्यांची रूपेही. जाहिरात सुरू झाल्यावर लोकांनी प्रत्यक्षात काय टाईप केले याचा अहवाल खात्यात पाहावयास मिळतो. फार थोड्या वेळा शोधले गेलेले शब्द त्यात दाखविले जात नाहीत, तरीही आठवड्यातून एकदा तो वाचणे हे या सर्व कामातील सर्वांत फलदायी अर्धा तास होय.

पारख कशी करावी

आता हिशेब. डब्याचा महिना २,५०० रुपये धरला आणि शिधा, गॅस व पोहोचविण्याचा खर्च वजा जाता त्यातून ६०० रुपये उरले. ग्राहक सरासरीने ३ महिने टिकला. तर एका ग्राहकापासून १,८०० रुपये मिळतात. दर ३० क्लिकमागे एक ग्राहक लाभत असेल, तर एका क्लिकला ६० रुपये ही ना-नफा-ना-तोटा सीमा झाली. त्यातून १८ टक्के वस्तू व सेवा कर बाजूला काढला, की बोलीची खरी मर्यादा सुमारे ५१ रुपयांवर येते. नोंदणी नसलेल्या लहान व्यावसायिकास या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरावयास हवा. १५० क्लिकमागे एकच ग्राहक मिळत असेल, तर हीच मर्यादा १० रुपयांवर घसरते. ‘क्लिक किती स्वस्त मिळाला’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे.

समजा, ‘टिफिन’ या शब्दावर ८ रुपये दराने १२० क्लिक आले. ९६० रुपये खर्च झाले व २ ग्राहक मिळाले. ‘घरपोच जेवणाचा डबा नाशिक’ या शब्दसमूहावर १४ रुपये दराने ६० क्लिक आले. ८४० रुपये खर्च झाले व ४ ग्राहक मिळाले. पहिला ग्राहक ४८० रुपयांस पडला, दुसरा २१० रुपयांस. महाग क्लिक स्वस्त ठरला.

परंतु येथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, आणि गणिताच्या शिक्षकांना ती वर्गात सांगण्याजोगी वाटेल. २ आणि ४ हे आकडे फार लहान आहेत. एखाद्या शब्दाची खरी गुणवत्ता ३० क्लिकमागे एक ग्राहक अशी असली, तरी पहिल्या ३० क्लिकांत एकही ग्राहक न मिळण्याचा संभव सुमारे ३६ टक्के असतो. म्हणजे चांगला शब्दही तीनांतून एकदा तरी पहिल्या परीक्षेत नापास व्हावयाचा. ९० क्लिकनंतरही ग्राहक शून्यच असेल, तर असे निव्वळ योगायोगाने घडण्याचा संभव ५ टक्क्यांच्या आत येतो. तेव्हा तो शब्द सोडण्यास हरकत नाही. दोन दिवसांत अधीर होऊन शब्द बदलणारा आणि सहा महिने हिशेब न पाहणारा, दोघेही सारखेच नुकसान करून घेतात.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शब्दही बदलला, मजकूरही बदलला आणि दरही उतरविला, तर वाढलेल्या ग्राहकांचे श्रेय कोणाला द्यावयाचे हे कळत नाही. ग्राहक बहुधा फोनवरून येत असल्याने ‘काय शोधताना आमचे नाव सापडले’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारून उत्तर वहीत लिहावे. खर्चाची मर्यादाही नीट समजून घ्यावी : रोजची सरासरी २०० रुपये ठेवली, तर एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पट, म्हणजे ४०० रुपयांपर्यंत खर्च पडू शकतो. महिन्याची मर्यादा मात्र ३०.४ दिवसांच्या हिशेबाने ६,०८० रुपये राहते. करासह सुमारे ७,१७४ रुपये.

प्रतिस्पर्ध्याच्या नावावर बोली लावण्याचा मोह अनेकांस होतो. या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगल व डीआरएस लॉजिस्टिक्स यांच्यातील वादात दिलेला निर्णय माहीत असावा. दुसऱ्याचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून वापरणे हा त्या चिन्हाचा ‘वापर’ ठरतो; ग्राहकाच्या मनात गोंधळ निर्माण होत नसेल तर तेवढ्यानेच ते उल्लंघन होत नाही, असा त्याचा आशय आहे. गोंधळ झाला तर मात्र जबाबदारी येते. शेजारच्या खानावळीच्या नावावर आपला डबा विकणे हे कायद्याच्या आधी शेजारधर्मालाही धरून नाही.

बचत गटांचे व कार्यालयांचे शब्द

डब्याविषयी जे सांगितले ते बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही तितकेच लागू आहे. द्राक्ष उत्पादक ज्याला ‘बेदाणा’ म्हणतो, त्याला मुंबईचा हिंदीभाषक ग्राहक ‘किशमिश’ म्हणतो आणि घरातली आजी ‘मनुका’ म्हणते. यातील ‘मनुका’ रोमन लिपीत लिहिला, की न्यूझीलंडच्या ‘मानुका’ झुडपापासून मिळणारा महागडा मध शोधणारे ग्राहक त्याच शब्दावर येतात. त्या शब्दावर बोली लावणाऱ्या गटाने ‘मध’ व त्याचे इंग्रजी रूप वगळशब्दांत घातले नाही, तर बेदाण्याच्या जाहिरातीचे पैसे मधाच्या शोधात जातील.

शासकीय कार्यालये जाहिरात देवोत वा न देवोत, शब्दांची ही पारख त्यांनाही उपयोगाची आहे. जमिनीच्या गाव नमुना सातचे शीर्षक ‘अधिकार अभिलेख पत्रक’ असे आहे. शेतकरी मात्र ‘सातबारा’ शोधतो, आणि तोही कधी अक्षरांत, कधी आकड्यांत, कधी रोमन लिपीत. कार्यालयाच्या संकेतस्थळावरील पानात नागरिकाचा शब्द नसेल, तर शोधणारा भलत्याच पानावर जाऊन पोहोचतो. शासनाकडून थेट मिळणाऱ्या कागदपत्रांसाठी मध्यस्थांनी जाहिरात करण्यावर गूगलच्या नियमांत निर्बंध आहेत. तरीही शोधाच्या निकालात वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेली नोंद ही पैसे देऊन लावलेली असते आणि राज्य शासनाच्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या अखेरीस ‘डॉट गव्ह डॉट इन’ असते, या दोन गोष्टी ग्रामसभेत व शाळेत सांगितल्या जाव्यात.

नाशिककरांच्या समोर याचे सर्वांत मोठे उदाहरण २०२७ च्या सिंहस्थाचे आहे. निवास, भोजन व वाहन यांच्या शोधशब्दांवर अशा काळात बोली चढणे स्वाभाविक आहे. स्थानिक माणूस ‘सिंहस्थ’ म्हणतो. परप्रांतीय यात्रेकरू बहुधा ‘कुंभमेळा’ किंवा नुसते ‘कुंभ’ म्हणतो. पुन्हा ‘सिंहस्थ’ हे नाव एकट्या नाशिक-त्र्यंबकेश्वरचे नाही : उज्जैनचा मेळाही त्याच नावाने ओळखला जातो आणि तो २०२८ मध्ये आहे. इंदिरानगरातील ज्या कुटुंबास आपली एखादी खोली यात्रेकरूस द्यावयाची असेल, त्याने ‘सिंहस्थ निवास’ या शब्दावर बोली लावण्यापूर्वी ‘नाशिक’ हा शब्द त्याला जोडावा आणि ‘उज्जैन’ वगळशब्दांत लिहावा.